अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण आणि शरीरातला न दिसणारा दाह

बाळ आठव्या महिन्यातच जन्माला आलं की घरातला पहिला प्रश्न त्याच्या आईला विचारला जातो: "तू केलंस तरी काय?" जिने चढलीस का, पाण्याची बादली उचललीस का, पपई खाल्लीस का, ग्रहणात बाहेर गेली होतीस का. ती एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, बाहेरच्या बाकावर बसून गेल्या पंधरा दिवसांतलं एकेक काम आठवत राहते आणि स्वतःलाच दोष देते. हा लेख सर्वात आधी तिच्यासाठी आहे. कारण तिच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा जिन्यात किंवा पपईत नसतं. अशा अनेक बाळंतपणांमागे गर्भपिशवीच्या आत, कित्येक दिवस आधीपासून, तिला स्वतःलाही न जाणवता चाललेला दाह असतो.

गरोदरपणाचे ३७ आठवडे पुरे होण्याआधी झालेल्या जन्माला मुदतपूर्व जन्म म्हणतात. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली. त्यातली ३० लाखांच्या आसपास भारतातली होती, म्हणजे आपल्याकडे जन्मणाऱ्या दर शंभर बाळांमागे साधारण १३. इतकी मोठी संख्या दुसऱ्या कुठल्याच देशात नाही. यातले साधारण एक तृतीयांश जन्म डॉक्टरांनी ठरवून केलेले असतात. आईचं बीपी हाताबाहेर जातं, बाळाची वाढ थांबते, आणि बाळाला आत ठेवण्यापेक्षा बाहेर काढणं सुरक्षित ठरतं. उरलेल्या वेळी मात्र कळा आपोआप सुरू होतात किंवा कळांच्या आधीच अंगावरून पाणी जातं. मी लिहितोय ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल.

पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, गरम होते, सुजते आणि ठणकते. हा दाह. काट्यासोबत आत शिरलेल्या जंतूंची चाहूल लागताच तिथल्या पेशी सायटोकाइन नावाचे निरोप्या रेणू सोडतात. त्यांच्या सांगण्यावरून रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात, जंतू मारतात, खराब झालेला भाग काढून टाकतात. इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-१ बीटा, टीएनएफ अल्फा ही यातली ठळक नावं. दाह नसता तर साधी जखमसुद्धा जिवावर बेतली असती. पण काट्याचा दाह डोळ्यांना दिसतो आणि गर्भपिशवीतला दिसत नाही. सगळी अडचण तिथून सुरू होते.

आता जी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही ती. पूर्ण दिवस भरून होणारं, अगदी सुरळीत बाळंतपणही दाहातूनच घडतं. गरोदरपणाच्या सुरुवातीला गर्भ गर्भपिशवीच्या अस्तरात रुजतो तेव्हा तिथे दाह असतो, त्याशिवाय तो नीट रुजत नाही. मधले महिने शांततेचे. बाळाचा निम्मा जनुकीय वारसा वडिलांकडून आलेला, म्हणजे आईच्या शरीराला तसा परका. तरीही आईची प्रतिकारशक्ती त्याला सांभाळून घेते, आणि प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक गर्भपिशवीच्या स्नायूंना आकुंचन पावू देत नाही. शेवटच्या आठवड्यांत चित्र पुन्हा पालटतं. पांढऱ्या पेशी गर्भपिशवीच्या स्नायूंत, तिच्या तोंडाशी आणि बाळाभोवतीच्या पडद्यांत जमायला लागतात. उंदरांवरच्या प्रयोगांत तर असं दिसलं की बाळाची फुप्फुसं तयार होत आली की त्यांतून एक प्रथिन गर्भजलात उतरतं आणि तेच हा दाह सुरू करायला हातभार लावतं. अमेरिकेतल्या डॅलसच्या संशोधकांनी २००४ साली हे दाखवलं. श्वास घ्यायला तयार झालेलं बाळच आईच्या शरीराला निरोप धाडतं, ही कल्पना मला आजही थक्क करते.

ऊसतोडीची टोळी फडात शिरली की ती ऊस तोडते. ऊस तयार झालाय की नाही हे पाहणं तिचं काम नाही, ते बोलावणाऱ्याचं. मुदतपूर्व बाळंतपणात शरीर नवं असं काहीच करत नाही. नवव्या महिन्यात यायची पांढऱ्या पेशींची तीच टोळी सातव्या-आठव्या महिन्यात बोलावली जाते.

या टोळीची कामं तीन. पहिलं, गर्भपिशवीचं तोंड मऊ करून उघडणं. एरवी ते कोलॅजन या प्रथिनाच्या घट्ट धाग्यांनी बांधलेलं असतं. दाहामुळे सुटलेली विकरं (एन्झाइम) हे धागे विरघळवतात. दुसरं, बाळाभोवतीचे पडदे कमकुवत करणं. त्यांची ताकदही कोलॅजनमधूनच येते, त्यामुळे तीच विकरं इथेही तेच करतात आणि पडदे फाटून पाणी जातं. तिसरं, गर्भपिशवीच्या स्नायूंना एका तालात आकुंचन पावायला लावणं. यासाठी सायटोकाइनच्या सांगण्यावरून प्रोस्टाग्लँडिन तयार होतात. कळा येत नसल्या की प्रसूतिगृहात जे जेल आत ठेवतात, त्यात हेच प्रोस्टाग्लँडिन असतं. डॉक्टर जे काम औषध देऊन करून घेतात, तेच दाह आतून आणि अवेळी करतो.

मग प्रोजेस्टेरॉन काय करत असतं? मेंढीमध्ये बाळंतपणाआधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्याने घटतं. माणसात तसं होत नाही, ते अखेरपर्यंत भरपूर असतं. पण दाह वाढला की स्नायूंच्या पेशींमधल्या प्रोजेस्टेरॉन ओळखणाऱ्या जागा बदलतात आणि पेशी त्याला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. नुसती रक्तातली पातळी तपासून धोका कळत नाही, त्याचं हे एक कारण.

टोळीला अवेळी बोलावणं धाडणाऱ्यांत सर्वात जास्त अभ्यासलेले गेलेत ते जंतू. डेट्रॉईटमध्ये रॉबर्टो रोमेरो यांच्या गटाने यावर कित्येक दशकं काम केलं. साधारणपणे मुदतपूर्व जन्मांपैकी चारातल्या एका वेळी गर्भजलात जंतुसंसर्ग असतो असं मानलं जातं. बाळंतपण जितकं लवकरचं, तितकी संसर्गाची शक्यता जास्त. २४-२६ आठवड्यांना आलेल्या कळांमागे तो बराच जास्त वेळा सापडतो, ३५-३६ आठवड्यांना बराच कमी.

हे जंतू बहुतेक वेळा योनिमार्गातून वर चढतात. निरोगी योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस जातीचे जीवाणू बहुसंख्य असतात. दह्यातले जीवाणू याच कुळातले. ते लॅक्टिक आम्ल तयार करून तिथलं वातावरण आंबट ठेवतात आणि त्यात इतर जंतूंचं फारसं चालत नाही. शिवाय गर्भपिशवीच्या तोंडाशी घट्ट चिकट स्रावाचं बूच असतं, त्यात जंतूंना मारणारे रेणू असतात. लॅक्टोबॅसिलस कमी होऊन दुसरे जीवाणू माजले की त्याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. पातळ, करडट, माशासारख्या वासाचं पाणी अंगावरून जातं, पण निम्म्याच्या आसपास बायकांना काहीच जाणवत नाही. अशा स्त्रियांत मुदतपूर्व प्रसूतीचा धोका साधारण दुप्पट आढळतो.

गर्भजलात सर्वाधिक सापडणारे जंतू म्हणजे युरियाप्लाझ्मा आणि मायकोप्लाझ्मा. हे फार लहान, नेहमीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, न वाढणारे. बहुतेक वेळा आईला ताप नसतो, थंडी नसते, पोटात दुखत नसतं, रक्ताच्या तपासणीतही विशेष काही दिसत नाही. आत संसर्ग आणि बाहेर सगळं आलबेल. कळा येतात तेव्हा ती प्रक्रियेची सुरुवात नसते, तोवर बरंच पुढे गेलेलं असतं. "काल तर ती चांगली होती" हे म्हणणं अशा घरांत अगदी खरं असतं.

दुसरी वाट रक्तातून येते. हिरड्यांच्या आजारात सापडणारा फ्युसोबॅक्टेरियम हा तोंडातला जीवाणू गर्भजलातही मिळालेला आहे. गाभण उंदरांच्या रक्तात तो सोडल्यावर वारेत (प्लॅसेंटात) पोहोचला आणि पिल्लं वेळेआधी किंवा मृत जन्मली. लघवीतला संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला की त्या दाहाचे परिणामही गर्भपिशवीला भोगावे लागतात. मलेरियात परजीवी वारेतच ठाण मांडतात.

पण इथवर वाचून "म्हणजे जंतूच ना, मग अँटिबायोटिक द्या" असं वाटलं असेल, तर थोडं थांबा. कळा लवकर आलेल्या, पण पाणी न गेलेल्या स्त्रियांचं गर्भजल तपासलं तेव्हा दाहाच्या खुणा जंतूंपेक्षा जास्त वेळा सापडल्या. म्हणजे दाह आहे, इंटरल्युकिन-६ वाढलेलं आहे, पण जंतू एकही नाही. याला निर्जंतुक दाह म्हणतात. पेशी ताणाखाली असल्या किंवा मेल्या की त्यांच्या आतले काही रेणू बाहेर सांडतात. प्रतिकारशक्ती जंतूंच्या अवशेषांना जशी दाद देते तशीच या सांडलेल्या रेणूंनाही देते. तिथून पुढचा रस्ता एकच: सायटोकाइन, प्रोस्टाग्लँडिन, कळा.

या पेशी दुखावतात कशाने? जुळी असली किंवा गर्भजल फार वाढलं की गर्भपिशवी ताणली जाते आणि नुसत्या ताणानेही स्नायूंच्या पेशी दाहाचे रेणू सोडायला लागतात. वारेमागे रक्तस्राव झाला की रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन तयार होतं, ते पडदे कमकुवत करतं आणि कळाही आणतं. काही वेळा आईची प्रतिकारशक्ती वारेतल्या बाळाच्या पेशींवरच उलटते. आणि पडद्यांच्या पेशी तर दिवस भरत येतील तशा म्हाताऱ्या होत जातात, हे टेक्ससमध्ये गॅल्व्हेस्टनला रामकुमार मेनन यांच्या गटाने दाखवलंय. म्हाताऱ्या पेशींतून तेच इशारा देणारे रेणू बाहेर पडतात. तंबाखूच्या धुरासारख्या गोष्टी हे म्हातारपण लवकर आणतात. हवेतल्या सूक्ष्म धूलिकणांचा संबंधही मुदतपूर्व जन्मांशी वारंवार दिसून आला आहे.

तंबाखूचं नाव निघालं म्हणून मशेरीबद्दल स्पष्टच लिहितो. आपल्याकडे बायका ती दात घासायला लावतात, त्यामुळे घरात तिला कुणी व्यसन मानतच नाही आणि डॉक्टरांनी "तंबाखू खाता का" विचारलं की उत्तर "नाही" येतं. मुंबईत बाराशेहून अधिक गरोदर स्त्रियांवर झालेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या बहुतेक तंबाखू वापरणाऱ्या बायका मशेरीच लावत होत्या. त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि ३२ आठवड्यांआधी जन्मण्याचं प्रमाण कितीतरी पट जास्त निघालं. यातलं किती दाहामुळे आणि किती निकोटीनने वारेचा रक्तपुरवठा कमी केल्यामुळे, हे वेगळं काढणं कठीण आहे. पण मशेरी सोडायला ते वेगळं काढायची गरजही नाही. म्हणून तपासणीला जाताना विचारलं नाही तरी सांगा.

अँटिबायोटिकने प्रश्न का सुटला नाही

या विषयातला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा धडा ब्रिटनमधल्या ओरॅकल या चाचण्यांनी दिला. त्यांचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. एका चाचणीत दिवस भरण्याआधी पाणी गेलेल्या स्त्रिया होत्या. त्यांना एरिथ्रोमायसिन दिल्यावर बाळांना फायदा झाला, आणि म्हणून पाणी गेल्यावर अँटिबायोटिक देणं आजही योग्य उपचार आहे. दुसऱ्या चाचणीत सहा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. त्यांना कळा लवकर आल्या होत्या पण पडदे शाबूत होते, संसर्गाची उघड लक्षणं नव्हती. तिथे अँटिबायोटिकने ना बाळंतपण लांबलं, ना बाळांना फायदा झाला. संशोधक तिथे थांबले नाहीत. त्यांनी सात वर्षांनी त्या मुलांचा पुन्हा शोध घेतला. ज्या आयांना अँटिबायोटिक मिळालं होतं त्यांच्या मुलांत सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम होण्याचं, प्रमाण जास्त निघालं. एकूण आकडे लहान होते, पण "नुकसान तर काही नाही ना" हा युक्तिवाद त्यानंतर उभा राहू शकला नाही.

असं का झालं असावं? एक शक्यता अशी मांडली जाते की औषधाने जंतू दबले पण पेटलेला दाह तसाच राहिला, आणि बाळ त्या दाहात आणखी काही दिवस अडकून पडलं. जंतू मेल्यावरही त्यांचे अवशेष प्रतिकारशक्तीला चेतवतच राहतात. बॅक्टेरियल व्हजायनोसिसची गोष्टही अशीच. लक्षणं असतील तर उपचार करायलाच हवेत, पण धोका कमी असलेल्या, लक्षणं नसलेल्या स्त्रियांना शोधून शोधून औषध दिल्याने मुदतपूर्व जन्म कमी झाले नाहीत. फ्रान्समधल्या एका मोठ्या चाचणीने २०१८ मध्ये हेच दाखवलं. हिरड्यांचंही तेच. आजार आणि धोका यांचा संबंध १९९६ पासून सांगितला जातोय, पण अमेरिकेत आठशेहून जास्त गरोदर स्त्रियांच्या चाचणीत निम्म्या जणींच्या हिरड्यांवर गरोदरपणातच उपचार केले तेव्हा हिरड्या सुधारल्या आणि मुदतपूर्व जन्म होते तेवढेच राहिले. गरोदरपणाच्या मध्यावर उपचार सुरू करणं कदाचित उशिराचं असेल. दातांची डागडुजी लग्नानंतर लगेच, दिवस राहण्याआधी करून घ्यावी, असं माझं म्हणणं यावरूनच आहे.

दाहाची झळ बाळालाही बसते. गर्भजलात जंतू किंवा दाहाचे रेणू असले की बाळ ते गिळतं, फुप्फुसांत घेतं, आणि त्याची स्वतःची प्रतिकारशक्तीही पेटते. अशा बाळाच्या नाळेतल्या रक्तातही इंटरल्युकिन-६ वाढलेलं सापडतं. मेंदूतला पांढरा भाग या वयात नाजूक असतो, त्याला इजा होऊ शकते. फुप्फुसांचा दीर्घकाळचा आजारही या बाळांत जास्त दिसतो. म्हणून दोन बाळं एकाच आठवड्याला, एकाच वजनाची जन्मली तरी त्यांची वाटचाल सारखी नसते. एकाच्या मागे दाह असतो, दुसऱ्याच्या मागे नसतो. आणि म्हणूनच काही वेळा डॉक्टर कळा थांबवायचा प्रयत्न सोडून देतात. आत संसर्ग पसरलाय हे दिसत असेल तर बाळाला आत ठेवणं म्हणजे त्याला इजा होऊ देणं.

उपयोग कशाचा होतो

दाह रोखण्याच्या दिशेने मिळालेल्या चांगल्या बातम्यांपैकी एकीत नागपूरचा वाटा आहे. भारत, पाकिस्तान, केनिया, झांबिया, काँगो आणि ग्वाटेमाला या सहा देशांत, पहिलटकरणींना गरोदरपणाच्या सहाव्या ते तेराव्या आठवड्यात सुरू करून रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी देण्यात आली. भारतातली केंद्रं होती नागपूर आणि बेळगाव. जवळपास बारा हजार स्त्रिया यात सहभागी झाल्या. २०२० मध्ये आलेला निष्कर्ष असा: मुदतपूर्व जन्म १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आले. फरक लहान दिसतो, पण गोळी स्वस्त आहे आणि आपल्याकडची ३० लाख बाळं डोळ्यांसमोर आणली की तो लहान राहत नाही. ॲस्पिरिन दाह घडवणाऱ्या त्याच साखळीतल्या एका विकराला अडवतं आणि वारेचा रक्तपुरवठाही सुधारतं. मात्र ही गोळी कुणाला, कधी सुरू करायची हे डॉक्टरच ठरवतील. आणि ॲस्पिरिनचं ऐकून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या मेडिकलमधून आणून घेऊ नका. गरोदरपणाच्या उत्तरार्धात त्या बाळाच्या मूत्रपिंडांना आणि हृदयाजवळच्या रक्तवाहिनीला अपाय करू शकतात.

पोटात एकच बाळ असेल आणि १८ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर योनिमार्गातून ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनने फार लवकरचे जन्म साधारण एक तृतीयांशाने कमी होतात. आधीचं बाळंतपण लवकर झालेलं असेल तर काही जणींच्या गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घालतात. कळा सुरू झाल्याच तर त्या थांबवायच्या औषधांनी बहुधा दोनच दिवस हाती लागतात, पण ते दोन दिवस अनमोल असतात. तेवढ्यात आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देता येतात. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवलं की त्यामुळे बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. ३२ आठवड्यांच्या आत असेल तर मॅग्नेशियम सल्फेट बाळाच्या मेंदूला जपतं. बाळांची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात पोहोचायलाही हाच वेळ कामी येतो.

आईच्या हातात काय आहे? लघवीची तपासणी टाळू नये, त्रास नसला तरी, कारण लक्षणांशिवायचा लघवीतला संसर्ग पकडायची तीच एक वाट आहे. योनिमार्ग आतून जंतुनाशकाने धुऊ नये, त्याने लॅक्टोबॅसिलसच मरतात. नेहमीपेक्षा वेगळं, वासाचं पांढरं जात असेल तर डॉक्टरांना सांगायला लाजू नये. आणि काही लक्षणांना रात्र काढायची नसते: अंगावरून थोडंसं का होईना पाणी जाणं, रक्त दिसणं, ओटीपोट दर दहा-पंधरा मिनिटांनी कडक होऊन सैल पडणं, कंबरेत येऊन-जाऊन दुखणं, खाली जड दाब वाटणं, ताप. "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही" ही समजूत निखालस चुकीची आहे. पोटात काढलेला प्रत्येक निरोगी आठवडा बाळाच्या बाजूनेच असतो. १०८ किंवा १०२ ला फोन करून निघा, दुखणं पुढे खोटं ठरलं तरी चालेल.

ज्यांचं बाळ लवकर आलं किंवा लवकर येण्याची चिन्हं आहेत, त्यांना आणखी एक गोष्ट सांगायची आहे. वार बहुतेक वेळा तपासणीशिवाय टाकून दिली जाते. ती पॅथॉलॉजीला पाठवायला डॉक्टरांना सांगा, शक्यतो बाळंतपणाच्या आधीच सांगून ठेवा. सूक्ष्मदर्शकाखाली पडद्यांत आणि नाळेत जमलेल्या पांढऱ्या पेशी दिसतात, वारेमागचा जुना रक्तस्राव दिसतो, आईच्या प्रतिकारशक्तीने वारेवर केलेला हल्ला दिसतो. त्या अहवालाची प्रत फाइलमध्ये जपून ठेवा आणि पुढच्या वेळी दिवस राहिले की पहिल्याच तपासणीला सोबत न्या. ॲस्पिरिन द्यायचं का, सोळाव्या आठवड्यापासूनच गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी मोजत राहायची का, हे ठरवताना तो अहवाल डॉक्टरांच्या उपयोगी पडतो.